उजवा पाय

सिग्नल हिरवा झाला आणि गाडीनं उडी मारली. तपासनीसानं पाय नुसता टेकवला होता, निदान त्याला तसं वाटलं. पण गाडी झेपावली, आणि पुढच्या सायकलवाल्याच्या चाकाला हातभर अंतर उरलं असताना त्यानं ब्रेक दाबला, तेव्हा आत जे काही होतं ते एकदा पुढे गेलं आणि एकदा मागे आपटलं. शेजारी त्याची मुलगी होती. तिचा आठवा महिना सरत आला होता. तिनं एक हात डॅशबोर्डवर रोवला, दुसरा पोटावर धरला, आणि तिच्या मांडीवरची दवाखान्याची फाइल घसरून पायाशी पडली. सायकलवाल्यानं मागे वळून पाहिलं. तो शिवी देईल म्हणून तपासनीस तयारच होता, शिवीला उत्तर देता येतं. पण त्या माणसानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीच्या पोटाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि पायडल मारत तो निघून गेला. तपासनीसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काच खाली करून तो त्या पाठीला काहीतरी बोलला, पण तोवर पाठ लांब गेली होती आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते. मुलीला वाकता येत नव्हतं, म्हणून फाइल तशीच पायाशी राहिली, आणि दवाखाना येईपर्यंत प्रत्येक वळणावर ती इकडून तिकडे सरकत राहिली. दारात उतरताना मुलगी म्हणाली की आई शाळेतून परस्पर इथंच येणार आहे, आम्ही दोघी जाऊ घरी, तुम्ही ऑफिस गाठा. मग दार लावता लावता, जणू आत्ताच सुचल्यासारखं, "आणि बाबा, पुढच्या वेळेपासून मी टॅक्सीनं येत जाईन. सोपं पडेल."

सोपं. हा शब्द त्यानं याआधी ऐकला होता, कुठे ते चटकन आठवेना, आणि आठवत नाही म्हणून तो आणखी चिडला. जावई बोटीवर होता, सहा सहा महिने पाण्यात. फोनवर त्याचा आवाज तुटक यायचा, आणि त्या तुटक आवाजाला यानं छातीठोकपणे सांगितलं होतं की काळजीचं कारण नाही, मी आहे, गाडी आहे, दवाखाना वीस मिनिटांवर आहे. आता ही टॅक्सीनं जाणार. कुठला कोण माणूस, त्याच्या गाडीचे टायर कधी बदललेत देव जाणे, आणि बाप घरात बसून घड्याळ बघणार. बिघाड गाडीत होता. हे त्यानं दवाखान्याच्या दारातच ठरवून टाकलं. गेले काही महिने गाडी अशीच वागत होती, सुटताना हिसका, थांबताना हिसका, मध्येच उगाच खालचा गियर धरून गुरगुरायची. ऑटोमॅटिक गाडी, गियर ती स्वतःच बदलते, माणसाच्या हातात काही नाही. म्हणजे दोष असेल तर तिचा. आणि धक्का म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. सव्वीस वर्षं तो लिफ्ट तपासत होता. इमारतीत जायचं, लिफ्टमध्ये मधोमध उभं राहायचं, डोळे मिटायचे, आणि तळव्यांनी ऐकायचं. सुटताना पोटात किती कालवतं, थांबताना गुडघ्याला किती कळतं, मजल्याची फरशी आणि लिफ्टची फरशी यांत अर्ध्या बोटाचा फरक आहे की पाव. मोजमापाची साधनं त्याच्या पिशवीत असायची, पण ती तो नंतर काढायचा, आणि साधनं बहुतेक वेळा त्याच्या तळव्यांना होकारच द्यायची. ऑफिसात त्याची थट्टा व्हायची की या माणसाला बूट घालू देऊ नका, सरकारी उपकरण झाकलं जातं. अशा माणसाच्या गाडीनं त्याच्याच मुलीला गचका द्यावा, हा त्याला गाडीनं केलेला अपमान वाटला.

ऑफिसला न जाता तो थेट गॅरेजवर गेला. गॅरेजवाल्याला सगळे मास्तर म्हणत. पूर्वी तो कारागिरीच्या शाळेत शिकवायचा, आणि अजूनही बोलताना समोरच्याला कळलंय का हे बघण्यासाठी मध्ये थांबायचा. तपासनीसानं गाडीचे गुन्हे एकामागून एक सांगितले. मास्तरनं ऐकून घेतलं, स्टिअरिंगखाली वाकून एक तार जोडली, तिचं दुसरं टोक लॅपटॉपला लावलं, आणि बराच वेळ पडद्याकडे पाहून म्हणाला की बिघाड म्हणून काहीच नोंदलेलं नाही. तपासनीस म्हणाला की मग तुमच्या लॅपटॉपमध्ये बिघाड असेल. मास्तर हसला नाही, रागावलाही नाही. "चला, एक चक्कर मारू," तो म्हणाला. आधी मास्तरनं चालवली. त्याच्या हातातही गाडी हिसकली, दोनदा, आणि तपासनीसाला इतकं बरं वाटलं की त्यानं शेजारून मांडीवर थाप मारली: बघा, बघा, हेच. मग मास्तरनं गाडी बाजूला घेऊन त्याला चालवायला दिली आणि स्वतः लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. कारखान्यांच्या मागचा रस्ता होता, सरळ, फारशी वर्दळ नाही. दोन ठिकाणी थांबून तपासनीसानं गाडी पुन्हा सोडली. तिसऱ्या वेळी मास्तर म्हणाला, "आत्ता किती दाबलात?"

"हळूच. जरासं."

मास्तरनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर एक आकडा होता, तो पायाचा आकडा, शून्य म्हणजे पाय नाही आणि शंभर म्हणजे पार तळाला. त्याच्या खाली एक रेघ होती, नुकत्याच गेलेल्या मिनिटाची, आणि ती रेघ जमिनीवरून उठून सरळ भिंतीसारखी वर गेली होती. अठ्ठ्याहत्तर. तपासनीस म्हणाला की हे शक्य नाही. मास्तर म्हणाला, पुन्हा करून बघा. त्यानं पुन्हा केलं, या वेळी लक्ष देऊन, दात घट्ट आवळून, अगदी अंड्यावर पाय ठेवावा तसा. एकाहत्तर. गाडी उभी होती, इंजिन गुरगुरत होतं, आणि मास्तर आपल्या शिकवायच्या आवाजात सांगत होता की गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो, तो पायाकडे बघत असतो. किती दाबला, किती झटक्यात दाबला, ब्रेक आधीपासून लावला की ऐन वेळी मारला. बघता बघता त्याला या माणसाचा अंदाज येतो. मग तो धरूनच चालतो की याला घाई आहे, याला जोर हवाय, आणि गियर खालचा ठेवतो, इंजिन ताठ ठेवतो, म्हणजे मागितलं की लगेच देता यावं. त्याचं काही चुकत नाही. त्याला जे दिसतं त्याप्रमाणे तो गाडी तयार ठेवतो. म्हणून माझ्या हातातही ती हिसकली. ती मला तुम्हीच समजत होती. कळलं का, अशा नजरेनं मास्तर थांबला, आणि मग त्यानं विचारलं की गाडी कोण कोण चालवतं.

"घरात सगळेच चालवतात," तपासनीस म्हणाला.

हे खोटं होतं आणि ते तोंडातून पडता पडताच त्याला कळलं की ते खोटं आहे. मुलीनं सहाव्या महिन्यापासून चालवणं सोडलं होतं. बायको तर त्याच्या आधीपासून बसनं शाळेत जाते. ग्रंथालय सांभाळते ती तिथं, आणि पूर्वी आठवड्यातून दोन दिवस गाडी तिची असायची. मास्तर मान हलवत म्हणाला की जुनं यात फार टिकत नाही, चार-सहा महिन्यांपूर्वी कुणी हळू चालवत असेल तर त्याचं आता काही उरलेलं नसणार, जो रोज चालवतो तोच आत बसलाय. हवं तर मी शिकलेलं सगळं पुसून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. पण मग पहिले दोनेक आठवडे ती नव्यानं बघायला लागेल, तेव्हा जो पाय दिसेल तोच धरेल. पुन्हा असंच चालवलंत तर पुन्हा अशीच होईल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही. यावर तपासनीस जे बोलला ते निम्मं त्याला नंतर आठवलंही नाही. सव्वीस वर्षं मी यंत्रांना पास-नापास करतोय, एक डबडं मला नापास करणार का; तुम्ही लोक हल्ली पाना हातात धरत नाही, तारा जोडता आणि गिऱ्हाइकाच्या चारित्र्यावर बोलता; आणि असंच बरंच. मास्तरनं तार काढून गुंडाळली. तो एवढंच म्हणाला की गाडी तुमचीच आहे, तुम्ही ठरवा. मग तो खाली उतरला, आणि गॅरेजपर्यंतचं अंतर, ते काही कमी नव्हतं, चालत गेला. तपासनीसानं त्याला गाडीत बसा म्हटलं नाही.

मग तो ऑफिसच्या वाटेला लागला, म्हणजे रोजच्या वाटेला. घरून ऑफिस सरळ रस्त्यानं चार किलोमीटर होतं, आणि गेले सात महिने तो सात किलोमीटरचा वळसा घेऊन जात होता. का, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं स्वतःलाही विचारू दिलं नव्हतं. त्या वळशावर ती अकरा मजली इमारत होती. सात महिन्यांपूर्वी तिथल्या लिफ्टमध्ये तो डोळे मिटून उभा राहिला, आणि चौथ्या मजल्यावर त्याच्या तळव्यांनी नाही म्हटलं. उतरताना लिफ्ट चौथ्याला बोटभर खाली जाऊन थांबत होती, आणि थांबण्याच्या आधी एक क्षण असा होता की ती थांबेलच असं नव्हतं. त्या क्षणाला आकडा नव्हता. वर जाऊन पाहिलं तर यंत्राच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाला घासून थांबवणाऱ्या पट्ट्या, झिजलेले, पण नियमात बसण्याइतके उरलेले, काठावरचे. त्यानं सील ठोकलं. चार दिवस अकरा मजल्यांची माणसं जिने चढली, कुठून कुठे फोन गेले, आणि पाचव्या दिवशी साहेबांनी त्याला बोलावून सील काढायला सांगितलं. तो नाही म्हणाला. साहेब आवाज चढवत नसत. ते म्हणाले, "तुम्ही थकलात आता. इतकी वर्षं उभ्यानं काम केलंत, जरा बसून करा." आणि सील काढायच्या कागदावर सही केली ती त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या पोरीनं. तिला यानं बोट धरून शिकवलं होतं, डोळे मिटायला लावलं होतं, मशीनच्या खोलीत कुठे हात लावायचा नाही ते दाखवलं होतं. ती बत्तीस वर्षांची, दोन ओळींची सही, निळी शाई. तेव्हापासून तो टेबलाशी बसून दुसऱ्यांनी भरलेले तपासणीचे अर्ज तपासत होता. खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय टेबलाखाली असतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. ती पोरगी त्याच्यापासून तीन टेबलं सोडून बसायची. सात महिन्यांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आणि लिफ्ट चालू होती. हेच तर होतं. सात महिने ती वर जात होती आणि खाली येत होती, रोज, शेकडो वेळा, आणि काही होत नव्हतं.

रोज सकाळी तो त्या इमारतीसमोर गाडी हळू करायचा. इतकी हळू की मागच्यानं हॉर्न द्यावा. दारासमोर गर्दी आहे का, पोलिसांची गाडी आहे का, बायका तोंडाला पदर लावून उभ्या आहेत का. काही नसायचं. दारातल्या कुंड्यांना पाणी घातलेलं असायचं. आणि मग त्याचा पाय खाली जायचा, पार खाली, आणि गाडी बोंबलत पुढच्या चौकापर्यंत जायची. हे आता, मास्तरचा आकडा डोळ्यांसमोर असताना, त्याला पहिल्यांदाच दिसलं, बाजूच्या गाडीतून कुणीतरी पाहावं तसं. त्यानं ते झटकून टाकलं. आज मुद्दाम हळू चालवायचं म्हणून तो सावकाश वळला, आणि वळणावरूनच त्याला इमारतीच्या दारात उभी असलेली बंद गाडी दिसली, मागचं दार उघडलेलं, दोन माणसं आतून काहीतरी लांबट, जड, कापडात गुंडाळलेलं बाहेर काढत होती. वॉचमन दारात हात वर करून कुणाला तरी थांबवत होता. एक म्हातारी पायरीवर बसली होती, डोकं धरून.

आणि तपासनीसाला आनंद झाला. तो आनंद छातीतून वर आला, उबदार, एखाद्या परीक्षेचा निकाल लागावा तसा, आणि त्याच्या बरोबर शब्दही आले, तयार असल्यासारखे, साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून म्हणायचे शब्द, पोरीच्या टेबलावरून जाताना न म्हणायचे शब्द. गाडी वाकडीतिकडी लावून तो उतरला. रस्ता ओलांडताना त्याला हसू येत होतं, आणि ते आवरायला त्याला ओठ चावावे लागले. जवळ जाईपर्यंत त्या दोन माणसांनी कापड सोडलं होतं, आत पत्र्याचं लांब कपाट होतं, कुणीतरी राहायला येत होतं. म्हातारीला उन्हानं गरगरलं होतं आणि तिची सून वरून पाणी घेऊन येत होती. वॉचमननं तपासनीसाला ओळखलं आणि बऱ्याच दिवसांनी आलात म्हणून सलाम केला. तपासनीसानं काय विचारलं ते त्यालाही नीट कळलं नाही, लिफ्ट, लिफ्टचं काय. वॉचमन म्हणाला की लिफ्ट झकास आहे, त्या तुमच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ब्रेकचे लायनर बदलून घेतले ना. सील काढायचा कागद आधीच आला होता, सोसायटीवाले म्हणत होते आता कशाला, पण मॅडम तुमचा रिपोर्ट घेऊन दारात बसल्या. म्हणाल्या, हा माणूस चौथ्या मजल्याबद्दल चुकत नसतो. दोन माणसं बोलावून रविवारी काम करून घेतलं, मग गेल्या. "अजून येतात महिन्याला. सुट्टीच्या दिवशी येतात. वर जातात, खाली येतात, डोळे मिटून उभ्या राहतात," वॉचमन म्हणाला, आणि त्यानं ते करून दाखवलं.

म्हातारीला आत नेताना तिच्या सुनेनं तपासनीसाला लिफ्टचं दार धरायला सांगितलं, म्हणून तो त्यांच्याबरोबर आत शिरला. चौघं होती, सुनेच्या कडेवर एक मूल होतं, झोपलेलं, त्याची लाळ तिच्या खांद्यावर. ती दहाव्याला राहत होती. लिफ्ट वर गेली. दहाव्याला ती तिघं उतरली, म्हातारी त्याला सुखी राहा म्हणाली, आणि त्यानं चारचा आकडा दाबला. डोळे मिटले. लिफ्ट खाली येत होती आणि तो वाट पाहत होता, अजूनही वाट पाहत होता, आणि ती थांबली, फरशीला फरशी लागून, अशी की थांबल्याचं कळूही नये. तो तिथंच उभा राहिला. दार उघडलं, कुणी नव्हतं, दार बंद झालं. एक क्षणापूर्वी या लिफ्टमध्ये एक मूल होतं. आणि रोज सकाळी, गाडी हळू करून, तो जे शोधत होता, ते कुणाला तरी व्हावं लागलं असतं. कुणाला होईल हे त्यानं कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. ती जागा त्यानं रिकामी ठेवली होती, आणि आता तिथं लाळ गाळणारं ते मूल आपोआप येऊन बसलं. पण राग गेला नाही. रागाचं आश्चर्य त्यालाच वाटलं. राग जिथल्या तिथं होता, फक्त टेकायला काही उरलं नव्हतं.

ऑफिसात पोचला तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. तो तिच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. ती डबा झाकत होती. आजूबाजूच्या दोघांनी कागदात मान घातली, म्हणजे ते ऐकत होते.

"त्या अकरा मजलीचे लायनर तू बदलून घेतलेस."

"तुमचाच रिपोर्ट होता, सर. मी फक्त त्यांच्यासमोर ठेवला."

"मला सांगितलं नाहीस."

"तीनदा आले होते तुमच्या टेबलाशी," ती म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता पण कान लाल झाले होते. "पहिल्यांदा तुम्ही उठून गेलात. दुसऱ्यांदा म्हणालात, माझ्या टेबलावर काही ठेवू नकोस. तिसऱ्यांदा तुम्ही मान वर केली नाहीत."

"मग चौथ्यांदा यायचं होतंस," तो म्हणाला, आणि तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की साहेबांच्या खोलीचं दार उघडून कुणीतरी बाहेर पाहिलं. ती पोरगी त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रडण्याचं नव्हतं, तीही चिडली होती. ती म्हणाली की सही मला करायची नव्हती. मी केली नसती तर माझ्या जागी तिसरा कुणीतरी करणार होता, आणि तो लायनर बदलून घेणार नव्हता. तुम्ही सील ठोकून घरी गेलात, सर; लिफ्ट तर चालूच होणार होती. साहेबांवरचा त्याचा राग खरा होता, तो कुणाच्याही सहीनं खोटा होत नव्हता, कारण साहेबांनी लायनर न बदलता ती लिफ्ट चालू करायला सांगितली होती. पण त्या खऱ्या रागाच्या आडून सात महिने दुसरंच काहीतरी पोसलं गेलं होतं आणि ते त्यानं रोज खाऊ घालून मोठं केलं होतं. तो आपल्या जागेवर येऊन बसला. समोर अर्जांचा गठ्ठा होता. टेबलाखाली त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला गेलेला होता, टाच उचललेली, पोटरी दगडासारखी, आणि हे कधीपासून असं असतं हे त्याला सांगता आलं नसतं. मग त्याला आठवलं, सोपं हा शब्द कुणाचा. बायकोचा. बसचा थांबा दारातच आहे, बसनं सोपं पडतं, असं ती म्हणाली होती, आणि त्यानं तो तिचा नवा नाद समजून सोडून दिला होता. ती त्याच्या गाडीत शेवटची कधी बसली होती. तो आठवत राहिला. एका लग्नाहून येताना ती मध्येच म्हणाली होती की मला इथंच उतरवा, भाजी घ्यायची आहे, आणि भाजी न घेता घरी आली होती.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तो गॅरेजवर गेला. मास्तर एका गाडीखाली होता, फक्त पाय बाहेर. तपासनीस त्या पायांना म्हणाला की पुसून टाका. सकाळच्या बोलण्याबद्दल तो काही म्हणाला नाही, तेवढं त्याला जमलं नाही. मास्तरनंही ते काढलं नाही. तार जोडली, काही बटणं दाबली, गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, आणि इंजिनाचा आवाज क्षणभर भांबावल्यासारखा वरखाली होऊन स्थिर झाला. आता हिला तुमच्याबद्दल काही माहीत नाही, मास्तर म्हणाला. घरी जायचे तीन किलोमीटर तपासनीस पायाकडे बघत गेला, आणि तीन किलोमीटरांत त्याला दोनदा कळलं की हे आपल्याच्यानं होणार नाही. एकदा एका रिक्षावाल्यानं आडवी घातली तेव्हा, आणि एकदा काहीच झालं नव्हतं तेव्हा. रस्ता रिकामा होता, साहेबांचा 'थकलात' हा शब्द आठवला, आणि पाय गेला.

घरी मायलेकी चहा घेत बसल्या होत्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मुलीनं सांगितलं, सगळं ठीक आहे, आता दर आठवड्याला दाखवायचं. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली, ती बायकोच्या बाजूला सरकवली आणि म्हणाला, "दोन आठवडे तू चालव." बायकोनं कप खाली ठेवला. तिनं विचारलं की गाडीत काय निघालं. तपासनीस पाणी प्यायला आत गेला, तसाच परत आला, पाणी न पिता.

"गाडीत काही निघालं नाही. मी निघालो."

त्याला वाटलं होतं की त्या दोघी एकमेकींकडे बघतील, काहीतरी नाही नाही म्हणतील. मुलगी फक्त म्हणाली, "माहीत आहे, बाबा." ती हे मऊपणानं म्हणाली, आणि त्या मऊपणाचा त्याला असा राग आला की त्यानं खुर्चीची पाठ धरली. सगळ्यांना माहीत होतं. मुलीला माहीत होतं, मास्तरला तासाभरात कळलं, सायकलवाल्याला एका नजरेत. त्याला विचारावंसं वाटलं की मग बोलला का नाहीत, आणि विचारता विचारता तो थांबला, कारण ऑफिसात एकीनं याचं उत्तर आजच दिलं होतं, आकड्यासकट. बायकोनं किल्ली उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. ती म्हणाली, "मी चालवताना एक अक्षर बोलायचं नाही. मागच्या खेपेला मी गाडी सोडली ती गाडीमुळे नाही सोडली." तो बरं म्हणाला.

पुढच्या आठवड्यात ती तिघं दवाखान्यात निघाली. बायकोनं सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, मग पुन्हा वर केला, पट्टा लावला, सोडला, साडी नीट केली, पुन्हा लावला. तपासनीस मागच्या सीटवर, तिच्या पाठीमागे. मुलगी पुढे. गाडी फाटकातून निघाली ती इतकी हळू की शेजारचा कुत्रा बरोबर चालत आला. आठवडाभर ती बायकोच्या पायाखाली होती आणि आताच गियर मुकाट वर जात होते, गुरगुर नव्हती. बायकोला घाई नाही हे गाडीनं मान्य केलेलं दिसत होतं. पहिल्या सिग्नलला हिरवा झाल्यावर बायकोनं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग पाय टेकवला. मागून हॉर्न आला. एक लांबडी गाडी डावीकडून घुसली, पुढे आली, आणि तिच्या चालवणाऱ्यानं जाता जाता हात हवेत उडवला, म्हातारे कुठले. तपासनीसाच्या घशाशी शिवी आली. ती त्यानं गिळली. गाडी जागची हलली ती पाण्यावरून काहीतरी सरकावं तशी.

"अहो," बायको आरशात न बघता म्हणाली, "पाय दाबू नका. सीटमधून माझ्या पाठीला लागतंय."

"कुठे दाबतोय."

पण गुडघा तिच्या सीटला खुपसलेला होता, आणि उजवा पाय मागच्या चटईवर होता तसा, टाच वर, चवडा खाली, पूर्ण जोरानं. त्यानं तो सैल सोडला. पुढच्या चौकात लांबडी गाडी अजून सिग्नललाच अडकलेली होती, त्यांच्या शेजारीच, आणि तो माणूस बोटांनी स्टिअरिंग वाजवत होता. तपासनीस त्याच्याकडे बघत राहिला. तिशीचा, नाकेला, दाढी कोरलेली. याला कुणी काय केलं असेल. हिरवा झाला. पाय पुन्हा खाली गेला होता, त्याला न विचारता. पुढे मुलगी झोपली होती. मान कलंडून खांद्यावर, तोंड अर्धवट उघडं, हात पोटावर सैल पडलेले, फाइल मांडीवर जशीच्या तशी. त्याच्या गाडीत ती झोपल्याचं त्याला अलीकडचं एकही आठवेना. त्यानं बूट काढले, दोन्ही, एकावर एक ठेवले. मग पाय वर घेतले आणि मागच्या सीटवर मांडी घालून बसला, पोटावर पट्टा तसाच ताणलेला, डोकं जवळजवळ छताला, शाळेच्या सहलीला निघालेल्या एखाद्या थोराड मुलासारखा. राग होताच. बायकोनं आरशात एकदा पाहिलं. तिनं वळायचा दिवा लावला आणि गाडी उजवीकडे वळवली.